पैठणीच्या वेबसाइटवर फोटो उघडायला फार वेळ लागतो, नेमकं कुठे अडतंय?

मोरबांगडी – सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी,

येवल्याला माझ्या सासरच्यांचं पैठणीचं दुकान आहे. घरचे माग आहेत, शिवाय आसपासच्या विणकरांच्या साड्याही आम्ही ठेवतो. दुकानाची वेबसाइट मी पुण्यातून सांभाळते. वर्डप्रेस, त्यावर दुकानासाठीचं वूकॉमर्स प्लगिन, आणि साधं शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला).

साड्यांच्या यादीचं पान मोबाइलवर उघडलं की वरची पट्टी, मेनू, साड्यांची नावं, किमती सगळं लगेच येतं. साड्यांच्या जागी मात्र पांढरे चौकोन. मग एकेक फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. घरच्या वायफायवर हे फारसं जाणवत नाही. पण परवा सासूबाई विंचूरला लग्नात एका बाईंना साड्या दाखवायला गेल्या, मोबाइल डेटावर. दोन साड्या दिसेपर्यंत त्या बाईंनी मोबाइल परत दिला.

एका पानावर ३६ साड्या आहेत. होस्टिंगवाल्यांना विचारलं तर म्हणतात मोठा प्लॅन घ्या. खरंच त्याने फरक पडेल का?

आणि एक अट आधीच सांगते. रंग बिघडून चालणार नाही. मागे एकाने फोटो लहान करून दिले होते, तेव्हा राणी रंग विटका दिसायला लागला. साडी हातात पडल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, फोटोतला रंग हा नव्हे. साडी परत आली.

शेवगा – सोमवार, रात्री ९.३१

इमेज ऑप्टिमाइझ करणारं एखादं प्लगिन टाका, बटण दाबा, काम फत्ते. माझ्या ब्लॉगवर तेच केलंय.

खटपट्या – सोमवार, रात्री १०.१२

मोठा प्लॅन आत्ता घेऊ नका. प्लगिनही थांबवा. शेवगा, तुमच्या ब्लॉगला लागू पडलं ते इथे पडेलच असं नाही, कारण फोटो उशिरा येण्याची कारणं चार-पाच असतात आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. आधी मोजायचं.

ताई, लॅपटॉपवर क्रोममध्ये तुमचं पान उघडा, एफ-१२ दाबा, वर 'नेटवर्क' असा टॅब दिसेल. त्यात 'डिसेबल कॅश'वर खूण करा, नाहीतर आधी उतरलेले फोटो साठ्यातून येतील आणि सगळं छान चाललंय असं वाटेल. फक्त 'इमेज' प्रकार निवडा आणि पान पुन्हा लोड करा. प्रत्येक फोटोपुढे त्याचं वजन आणि लागलेला वेळ येईल.

आता एखाद्या फोटोवर क्लिक करून 'टायमिंग' बघा. 'क्यूइंग' किंवा 'स्टॉल्ड' जास्त असेल तर फोटो रांगेत उभा आहे. 'वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स' जास्त असेल तर सर्व्हर सुस्त आहे किंवा फार लांब आहे. 'कंटेंट डाउनलोड' जास्त असेल तर फोटोच जड आहे. हे तीन आकडे इथे टाका. फाइलच्या नावाचा शेवटही सांगा, जेपीजी आहे की पीएनजी.

आणि एक. किमती आणि नावं लगेच येतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वर्डप्रेस पान वेळेवर तयार करतंय. मोठ्या प्लॅनमध्ये मिळतो जास्त प्रोसेसर आणि जास्त मेमरी, त्याने पान लवकर तयार होतं. फोटो ही तयार फाइल असते, सर्व्हरने ती नुसती उचलून द्यायची असते. त्यासाठी मोठा प्लॅन कशाला?

दूरदेशी – सोमवार, रात्री १०.४०

मोरबांगडी, व्यक्तिगत निरोपात मागून घेतलेल्या लिंकवर जाऊन बघितलं. मी मिशिगनमध्ये, घरी फायबर. काही सेकंदांत सगळ्या साड्या दिसल्या. तिसऱ्या ओळीतली आमसुली, असावली वेलाच्या काठाची, फार सुंदर आहे.

खटपट्या – सोमवार, रात्री १०.५२

दूरदेशी, ही मोलाची माहिती दिलीत. ताई, तुमचा सर्व्हर अमेरिकेत असण्याची दाट शक्यता आहे. होस्टिंग इथल्या दुकानातून घेतलं तरी यंत्र कुठे ठेवलंय हे वेगळं बघावं लागतं.

चिंचपेटी – सोमवार, रात्री ११.०५

मला तांत्रिक काही कळत नाही, पैठणी शब्द दिसला म्हणून आले. मलाही लिंक हवी आहे. फोटो हळू उघडले तरी मी थांबायला तयार आहे, मिस्टरांची मात्र घाई आहे पान बंद करायची :)

संपादक – मंगळवार, सकाळी ८.१५

विनंती: दुकानाची लिंक धाग्यात देऊ नये, जाहिरातीचा नियम सगळ्यांना सारखा आहे. निरोपातून द्यायला हरकत नाही. तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, चालू ठेवावी.

मोरबांगडी – मंगळवार, दुपारी १.३०

धन्यवाद खटपट्या. सांगितल्याप्रमाणे मोजलं.

जवळजवळ सगळे फोटो पीएनजी आहेत. एकेक सहा ते नऊ एमबी. ३६ मिळून अडीचशे एमबीच्या आसपास. 'वेटिंग' पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर. 'कंटेंट डाउनलोड' सगळ्यात मोठा, वायफायवरसुद्धा बऱ्याच फोटोंना दहा सेकंदांच्या वर. आणि खालच्या फोटोंना 'स्टॉल्ड' भरपूर.

पीएनजी का, तेही शोधलं. दुकानातला मुलगा साडी हँगरवर लावून फोटो काढतो आणि मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने मागची भिंत उडवतो. ते अ‍ॅप पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी देतं. तोच सरळ वर चढतो.

खटपट्या – मंगळवार, दुपारी २.४५

सापडलं. आता सविस्तर लिहितो.

पीएनजी प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा जपतं. लोगो, आलेख, अक्षरं असलेलं चित्र, सपाट रंग यांना ते उत्तम, कारण सारखा रंग सलग असला की तो थोडक्यात लिहिता येतो. जरीच्या पदरात शेजारचे दोन पिक्सेल कधी सारखे नसतातच. तिथे पीएनजीला काटकसर करायला जागा मिळत नाही आणि फाइल फुगते. छायाचित्रांसाठी जेपेग (म्हणजेच जेपीजी) आहे, १९९२ पासून. त्यानंतरचं वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं आणि एव्हीआयएफची प्रमाणित आवृत्ती २०१९ ची.

दुसरं, लांबी-रुंदी. साधारण अँड्रॉइड मोबाइलची रुंदी ब्राउझरच्या हिशोबाने ३६० पिक्सेल. दोन साड्या शेजारीशेजारी म्हणजे एकीला १८० च्या आत. पडदा तिप्पट दाट असला तरी खरे पिक्सेल झाले ५४०. तुमचा फोटो किती रुंद आहे? मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा असेल तर ३००० बाय ४०००, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल. ५४० बाय ७२० म्हणजे चार लाखांच्या आत. तीसपट माल पाठवायचा आणि मोबाइलने तो उतरवून फेकून द्यायचा. शिवाय फाइल लहान असो की मोठी, उलगडल्यावर एका पिक्सेलला चार बाइट लागतात. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो मेमरीत ४८ एमबीपर्यंत जाऊ शकतो. साध्या मोबाइलवर अशी यादी सरकवताना पान मध्येच अडकतं किंवा आपोआप पुन्हा लोड होतं, ते यामुळे.

तिसरं. वर्डप्रेस २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलहून मोठा फोटो आपणहून लहान करतं आणि नावाला 'स्केल्ड' जोडतं. पण पीएनजीला ही कात्री लागत नाही. म्हणून तुमचे मूळ फोटो तसेच राहिले. तरीही वूकॉमर्स लघुप्रती बनवतं, त्या यादीत का दिसत नाहीत हा प्रश्न उरतो. थीमच्या (साइटच्या रूपाच्या साच्याच्या) किंवा पेज बिल्डरच्या (पान मांडायच्या प्लगिनच्या) सेटिंगमध्ये इमेज साइझपुढे 'फुल' निवडलंय का बघा.

चौथं. 'स्टॉल्ड' जास्त आहे म्हणजे बहुधा सर्व्हर एचटीटीपी १.१ वर, म्हणजे ब्राउझरशी बोलायच्या जुन्या पद्धतीवर चाललाय. त्यात ब्राउझर एका ठिकाणाहून एका वेळी सहाच जोडण्या उघडतो, सातवा फोटो ताटकळतो. २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आलं, त्यात एकाच जोडणीवर सगळे फोटो येतात. नेटवर्क टॅबमध्ये 'प्रोटोकॉल' नावाचा स्तंभ सुरू करून बघा. बऱ्याच होस्टिंगमध्ये हे जादा पैसे न देता सुरू करून मिळतं.

मेघमल्हार_७२ – मंगळवार, दुपारी ३.२०

एवढं खोल जायची गरज नाही. सीडीएन लावा, म्हणजे फोटोंच्या प्रती ठिकठिकाणच्या केंद्रांत ठेवून जवळच्या केंद्रातून देणारी सेवा. फुकटातल्या योजनाही आहेत. फोटो मुंबईच्या केंद्रातून येतील, अमेरिका-बिमेरिका विषयच संपला.

खटपट्या – मंगळवार, दुपारी ३.५१

मेघमल्हार, सीडीएन लावायचाच आहे, पण शेवटी. हिशोब करून बघू. मोबाइलवरची वेबसाइट तपासताना गूगलचं लाइटहाउस हे साधन जो मंद ४जी धरतं तो १.६ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ०.२ एमबी. त्या वेगाने आठ एमबीचा एक फोटो चाळीस सेकंद घेणार. तो न्यूयॉर्कहून आला काय नि मुंबईहून आला काय, नळ तेवढाच बारीक आहे.

अंतराने जातो तो वेळ निराळा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, प्रत्यक्षात केबलच्या वळणांनी २०० च्या पुढे जातं. पहिला बाइट यायच्या आधी अशा किमान तीन खेपा होतात: जोडणी, कुलूपबंद संवादाची बोलणी, आणि मग मागणी. झाले सहाशे-सातशे मिलिसेकंद. ताईंनी दिलेला 'वेटिंग'चा आकडाही जास्तच आहे, तोही सीडीएनने कमी होईल. पण चाळीस सेकंदांपुढे एक सेकंद वाचवण्यात आधी शक्ती घालवायची का?

मेघमल्हार_७२ – मंगळवार, दुपारी ४.०२

हिशोब मान्य. पण काही सीडीएन वाटेतच फोटो लहान करून वेबपी करून देतात. मग दोन्ही कामं एकदम होतात.

खटपट्या – मंगळवार, दुपारी ४.१०

ती सोय बहुतेक ठिकाणी पैसे मोजून मिळते, आणि रंगाची जी अट ताईंनी घातली आहे ती अशा आपोआप यंत्रणेच्या हातात द्यावी असं मला वाटत नाही. रंगाबद्दल जाणकाराने लिहावं. छायाप्रकाश कुठे आहेत?

छायाप्रकाश – मंगळवार, रात्री ९.१५

आलो. कापडाचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे हा धागा सोडवत नव्हता.

मोरबांगडी, तुमचा राणी रंग विटला त्यामागे दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही फोटो लहान करतानाच घडतात.

पहिलं: रंगाचं प्रोफाइल. आयफोन २०१६ पासून फोटो 'डिस्प्ले पी-३' या जास्त रुंद रंगपटात टिपतो. राणी, गडद लाल, पोपटी असे भडक रंग त्यात जास्त मावतात. फाइलमध्ये एक छोटं प्रोफाइल जोडलेलं असतं, ते ब्राउझरला सांगतं की हे आकडे पी-३ चे आहेत. फोटो हलका करणारी बरीच साधनं 'अनावश्यक माहिती' म्हणून तेही काढून टाकतात. मग ब्राउझर तेच आकडे नेहमीच्या एसआरजीबीचे समजून वाचतो आणि रंग मळकट दिसतो. उपाय एवढाच की आधी फोटो एसआरजीबीमध्ये रूपांतरित करायचा, मग प्रोफाइल राहिलं काय, गेलं काय, रंग तोच दिसतो. 'गिंप' या फोटो-संपादकात हे फुकट करता येतं.

दुसरं कारण फार लोकांना माहीत नसतं. जेपेग चित्राचे तीन थर करतं: एक उजेड-अंधाराचा, दोन रंगाचे. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक दिसतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून रंगाचे थर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी निम्मे करतात, चार पिक्सेलना मिळून एकच रंग. डोंगर, माणसं, आभाळ यांत काही कळत नाही. पण राणी रंगाच्या अंगावर केसाएवढी सोनेरी बुट्टी घ्या. सोनेरीचा रंग राणीत उतरतो आणि राणीचा सोनेरीत. बुट्टीची कड फुटते, जर पितळी दिसते. मुनियाच्या (पैठणीवरच्या पोपटाच्या) चोचीचं लाल टोक तर पुसूनच जातं.

जेपेग साठवताना 'सबसॅम्पलिंग ४:४:४' निवडलं की रंगाचे थर पूर्ण राहतात. फाइल थोडी वाढते, पण पैठणीसाठी ती किंमत द्यावी. वेबपीचा नेहमीचा, माहिती गाळणारा प्रकार मात्र कायम निम्म्या रंगावरच चालतो, तिथे हा पर्यायच नाही. एव्हीआयएफमध्ये ४:४:४ करता येतं.

यादीतला लहान फोटो वेबपी चालेल, तिथे बुट्टी तशीही दिसत नाही. काठ-पदराच्या जवळच्या फोटोला वेबपी नको.

शेवगा – मंगळवार, रात्री ९.४०

छायाप्रकाश, प्रतिसाद जपून ठेवलाय. प्लगिनचा सल्ला मागे घेत नाही, ब्लॉगला ते पुरतं. साडीला पुरत नाही हे पटलं.

चिंचपेटी – मंगळवार, रात्री १०.०५

आता मला बोलू द्या, हा माझा प्रांत. पैठणीच्या वेबसाइटवर लोक पुढच्या बाजूचाच फोटो देतात. मी कायम उलट बाजूचा मागते. हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीत पदराची उलट बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून तिथल्या तिथे परत फिरवलेला असतो. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाजारात नकली माल आहेच, आणि फोटोवरून घेणाऱ्या बाईला ओळखायचा हा एक मार्ग आहे. तेव्हा उलट बाजूचा फोटो हवा आणि बोटांनी मोठा करून धागे मोजता यावेत इतका स्पष्ट हवा. नाहीतर सगळं लहान करण्याच्या नादात नेमकं हेच जाईल.

मोरबांगडी – मंगळवार, रात्री १०.२०

चिंचपेटी ताई, तुम्ही अगदी आमच्या सासऱ्यांसारखं बोललात. दुकानात ते प्रत्येक साडी आधी उलटी करूनच दाखवतात. उलट बाजूचा फोटो नक्की टाकणार. पण मग तो जड होणारच ना? हेच कोडं आहे.

गडवाट – मंगळवार, रात्री ११.१२

कोडं नाही. मोठा फोटो ठेवायचा, पण मागितल्याशिवाय पाठवायचा नाही. यादीत ५४०-६०० पिक्सेलचा, साडीच्या स्वतःच्या पानावर १२०० चा, आणि बोट ठेवल्यावर २४०० चा काठ-पदर. ज्याला धागे मोजायचे आहेत तो एक-दीड एमबीसाठी दोन क्षण आनंदाने थांबतो.

मी गडकिल्ल्यांच्या फोटोंची साइट चालवतो. तिथला अनुभव सांगतो, कारण ताईंच्या साइटवरही वर सरकती चित्रपट्टी असेलच. फोटो हलके केले, लघुप्रती लावल्या, लेझी लोडिंग, म्हणजे पान सरकवत फोटोजवळ आल्यावरच तो उतरवणं, सुरू होतंच (वर्डप्रेसमध्ये ते २०२० च्या ५.५ पासून आपोआप असतं), तरी पहिलं पान जड ते जडच. शोधल्यावर कळलं की थीमने वरच्या पट्टीतले पाचही फोटो सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलमध्ये) पार्श्वभूमी म्हणून टाकले होते. पार्श्वभूमीच्या फोटोला वर्डप्रेसच्या लघुप्रती लागू होत नाहीत आणि लेझी लोडिंगची खूणही लागत नाही. राजगडाची बालेकिल्ल्यावरून घेतलेली पाच हजार पिक्सेल रुंद चित्रं प्रत्येक मोबाइलला जात होती, त्यातली चार तर कुणी बघतही नव्हतं. सरकती पट्टी काढली, एकच फोटो साध्या इमेज टॅगने ठेवला. पान मोकळं झालं.

अण्णा_कणकवली – बुधवार, सकाळी ६.५०

गडवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. सरकत्या पट्ट्यांचा मला मनापासून राग आहे. आमच्याकडे पावसात टॉवरची रेंज ये-जा करते, अशा वेळी पहिल्या फोटोने पान अडवलं की माणूस निघून जातो.

एक जुनी गोष्ट सुचवतो. डायल-अपच्या काळात आम्ही जेपेग 'प्रोग्रेसिव्ह' करून ठेवायचो. फोटो वरून खाली उतरत येत नाही, आधी सगळाच्या सगळा धूसर दिसतो आणि मग स्पष्ट होत जातो. मूळ जेपेग मानकातच ही सोय आहे, सगळे ब्राउझर वाचतात, फाइलही वाढत नाही, उलट बरेचदा थोडी घटते. साडीचा रंग कोणता हे गिऱ्हाईकाला अर्ध्याच माहितीत कळतं. मोरपंखी नको असेल तर ती पुढे जाईल.

छायाप्रकाश – बुधवार, सकाळी ८.३०

अण्णा, +१. वेबपी आणि एव्हीआयएफमध्ये असं टप्प्याटप्प्याने उमलणं नाही. म्हणून मंद नेटवर जेपेग अजूनही माझं आवडतं.

अजून एक सावधगिरी. मूळ फोटोतल्या एक्झिफ माहितीत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. घरच्या मागावर काढलेले फोटो असतील तर घराचा पत्ताच त्यात जातो. विणकरांच्या घरी काढले असतील तर त्यांचाही. ती माहिती काढायचीच. मात्र आधी एसआरजीबी, मग साफसफाई, हा क्रम सोडू नका.

मोरबांगडी – बुधवार, रात्री १०.३०

विणकरांच्या घरच्या पत्त्याचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नसता. मनापासून धन्यवाद, हे आज सगळ्यात आधी करणार. आणि हो, थीममध्ये 'फुल' निवडलेलं होतं.

खटपट्या – बुधवार, रात्री ११.००

'फुल' बदलून वूकॉमर्सची लघुप्रत करा, पण फोटो जेपेग करून पुन्हा चढवल्यानंतर. पीएनजीची लघुप्रतसुद्धा पीएनजीच बनते, तीही जडच असते. पार्श्वभूमी पांढरी भरून घ्या. तुमची साइट पांढरीच आहे, पारदर्शकतेचा काही उपयोग नाही.

फाइलला नवीन नाव द्या. फोटोंना वर्षभराचा कॅश लावतात, जुन्याच नावाने नवा फोटो ठेवला तर आधी येऊन गेलेल्या लोकांना जुनाच दिसत राहील. इतके फोटो हाताने करत बसू नका, 'इमेजमॅजिक' या आज्ञा देऊन चालवायच्या साधनाने एका झटक्यात होतात. प्रोफाइल बदलणं, आकार, ४:४:४, प्रोग्रेसिव्ह सगळं एकाच आज्ञेत बसतं. आज्ञा निरोपात पाठवतो.

मोरबांगडी – रविवार, संध्याकाळी ६.१०

झालं ते सांगते.

सगळे फोटो जेपेग, एसआरजीबी, पांढरी पार्श्वभूमी. यादीतला एकेक आता शंभर केबीच्या आत-बाहेर. वरची सरकती पट्टी काढली (गडवाट, आमच्याकडेही पार्श्वभूमीचाच प्रकार होता). होस्टिंगवाल्यांनी एचटीटीपी/२ सुरू करून दिलं, पैसे नाही घेतले. पांढरे चौकोन जवळजवळ गेले. छायाप्रकाश, राणी रंगाची साडी आणि मोबाइल खिडकीपाशी शेजारी धरून सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी जर बघितली, मग बुट्टी बघितली आणि म्हणाले, हा आपलाच रंग.

दोन गोष्टी उरल्यात. पहिल्या ओळीतल्या दोन साड्या खालच्यांच्या मागून येतात, हे उलटं का? आणि फोटो येताना पान खाली ढकललं जातं, त्यामुळे बोट एका साडीवर ठेवावं तर दुसरीच उघडते.

गडवाट – रविवार, संध्याकाळी ७.००

पहिल्या ओळीवरचं लेझी लोडिंग काढा. पान उघडताच जे दिसणार आहे त्याला 'नंतर ये' सांगायचं नसतं. वर्डप्रेस स्वतः पहिला मोठा फोटो वगळायचा प्रयत्न करतं आणि ६.३ पासून त्याला जास्त प्राधान्यही देतं, पण पेज बिल्डर आपलं वेगळं लेझी लोडिंग चालवत असेल तर ते काही जुमानत नाही. बिल्डरच्या सेटिंगमध्ये बघा.

पान ढकललं जातं कारण फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंचीचे आकडे नाहीत. ते दिले की ब्राउझर फोटो यायच्या आधीच तेवढी जागा राखून ठेवतो.

खटपट्या – रविवार, संध्याकाळी ७.२५

टॅगमधला 'साइझेस' हा भागही तपासा. तो कोरा असेल तर ब्राउझर समजतो की फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा आहे, आणि ५४० ऐवजी १०८० पिक्सेलची प्रत मागवतो. दोन रकान्यांसाठी तिथे पडद्याच्या निम्मी रुंदी सांगायची. एवढ्याने यादीचं वजन अजून बरंच उतरेल. त्यानंतर मेघमल्हार म्हणतात तो सीडीएन लावा, आता त्याचा खरा उपयोग होईल.

मेघमल्हार_७२ – रविवार, संध्याकाळी ७.३१

लावताना मदत लागली तर निरोप करा ताई.

चिंचपेटी – रविवार, रात्री ८.१५

आमसुली असावली मला हवी आहे, दूरदेशींनी घेऊन टाकली नसेल तर. उलट बाजूचा फोटो चढला का?

मोरबांगडी – रविवार, रात्री ९.०५

आहे ताई, उलट बाजूचा फोटो आजच चढवला, २४०० पिक्सेलचा, ४:४:४. बोट ठेवल्यावरच उतरतो.

रुंदी-उंचीचे आकडे टाकले, साड्या आता जागच्या जागी थांबतात. 'साइझेस' उद्या करते. दुकानातल्या मुलासाठी गल्ल्याजवळ कागद लावलाय, तो इथे देते, काही चुकत असेल तर सांगा: "साडी खिडकीच्या उजेडात लावायची, ट्यूब बंद. फोटो झाल्यावर अ‍ॅपमध्ये पांढरी पार्श्वभूमी निवडायची आणि जेपीजी म्हणून साठवायचं, पीएनजी नाही. काठ, पदर आणि पदराची उलट बाजू जवळून घ्यायची. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवायचा नाही, ड्राइव्हवर टाकायचा. साइटवर चढवायचं काम पुण्याहून होईल."

छायाप्रकाश – रविवार, रात्री ९.४०

कागद चांगला आहे. एक ओळ वाढवा: मूळ फोटो मोबाइलमधून पुसायचा नाही, आधी हार्डडिस्कवर घ्यायचा. लहान केलेल्या प्रतीतून मोठी प्रत परत मिळत नाही. आणि खिडकीत थेट ऊन येत असेल तर पांढरा पडदा लावा, उन्हात जर पांढरी पडते.